स्वभावाला औषध नसते?

‘नार्सिसिस्ट’ हा शब्द आता घराघरांत पोचला आहे. कौतुकाला हपापलेला साहेब, बायकोचे कधीच न ऐकणारा नवरा, घटस्फोटाच्या भांडणातली समोरची बाजू, कोणालाही तो चिकटवला जातो. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या रोगवर्गीकरणात या नावाचे स्वतंत्र निदानच नाही. आयसीडी-११ ही त्या वर्गीकरणाची आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. संशयी, एकलकोंडा, परावलंबी असे व्यक्तिमत्त्व विकारांचे ठरावीक प्रकार तिने जवळजवळ सगळे काढून टाकले. ज्या कप्प्यांत आपण माणसे भराभर टाकत सुटलो आहोत, ते कप्पे तज्ज्ञांनाच अपुरे वाटू लागले होते.

का, ते समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम या ग्रंथात तीन गटांत विभागलेले दहा प्रकार अजूनही आहेत. त्यातल्या, भावना आणि नाती सतत डळमळीत ठेवणाऱ्या बॉर्डरलाइन विकाराचे उदाहरण घेऊ. त्याचे नऊ निकष आहेत आणि निदानाला कोणतेही पाच पुरतात. म्हणजे पाच ते नऊ निकषांच्या मिळून २५६ जुळण्या होऊ शकतात, आणि एकच निदान मिळालेल्या दोन रुग्णांमध्ये फक्त एकच लक्षण समान असू शकते. उलट, एकाच रुग्णाला दोन-तीन प्रकारांचे निकष एकदम लागू पडतात हाही नेहमीचा अनुभव. डीएसएमच्या २०१३च्या आवृत्तीतही शेवटच्या भागात एक पर्यायी पद्धत सुचवली गेली, पण मुख्य निदानाची चौकट जुनीच राहिली.

आयसीडी-११ मधली रीत वेगळी आहे. या माणसाचे स्वतःशी आणि इतरांशी असलेले नाते किती बिघडले आहे, हा तिथे पहिला प्रश्न असतो. आपण कोण आहोत याची जाणीव स्थिर आहे का? स्वतःची किंमत क्षणात आभाळाला टेकते आणि क्षणात मातीमोल होते का? दुसऱ्याची बाजू समजते का, मतभेद झाले तरी नाते टिकते का? असा बिघाड दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ टिकलेला, घरी, कामावर, मित्रांत अशा निरनिराळ्या ठिकाणी दिसणारा आणि माणसाला त्रास देणारा किंवा त्याचे जगणे अडवणारा असावा लागतो. मग रक्तदाबासारखीच त्याची पायरी ठरते: सौम्य, मध्यम की तीव्र. त्याच्याही अलीकडे ‘व्यक्तिमत्त्वविषयक अडचण’ अशी एक पायरी आहे, पण तिला विकार म्हणत नाहीत. यानंतर लागेल तशी गुणवैशिष्ट्ये नोंदवली जातात: नकारात्मक भावनांचा जोर, अलिप्तपणा, इतरांच्या हक्कांविषयी बेपर्वाई, आवेगीपणा, आणि सगळे आपल्याच नियमांनी चालावे असा ताठरपणा. जुन्या प्रकारांपैकी फक्त ‘बॉर्डरलाइन’ची खूण जोडण्याची सोय ठेवली आहे, कारण उपचारांवरचे बरेचसे संशोधन त्याच नावाखाली झाले आहे.

हे सगळे मोबाइलवरच्या प्रश्नावलीतून कळत नाही. रक्ततपासणीतून किंवा मेंदूच्या स्कॅनमधूनही नाही. मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बहुधा एकाहून अधिक भेटी घेतात, लहानपणापासूनचा इतिहास विचारतात, रुग्णाची संमती असेल तर घरच्यांशी बोलतात. घाई केली की चूक होते. खोल नैराश्यात असलेला माणूस स्वतःचे वर्णनच काळ्या रंगात करतो. नैराश्य ओसरल्यावर तोच निराळा भासतो. व्यसन, जुना आघात, एडीएचडी, ऑटिझम यांचीही लक्षणे इथल्या लक्षणांत मिसळतात. बायपोलर आणि बॉर्डरलाइन यांची गल्लत तर फार होते. ढोबळ फरक असा की बायपोलरमधले चढउतार दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे चालतात. बॉर्डरलाइनमध्ये मनःस्थिती काही तासांत पालटते, आणि बहुतेक वेळा नात्यातले काहीतरी त्याला निमित्त झालेले असते.

दुभंगलेले व्यक्तिमत्त्व म्हणजेच व्यक्तिमत्त्व विकार, असेही अनेकांना वाटते. तसे नाही. ‘भूलभुलैया’ चित्रपटात दाखवलेला प्रकार वेगळ्या, विघटनात्मक विकारांच्या गटात मोडतो, आणि स्किझोफ्रेनिया हा तिसराच आजार.

ओसीडीच्या बाबतीतला घोळ जास्त बारीक आहे. गॅसचे बटण पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या माणसाला तो विचार नकोसा असतो. आपण अतिरेक करतोय हे बहुधा त्याला कळते आणि त्यानेच तो हैराण होतो. नाव जवळजवळ तेच असलेल्या व्यक्तिमत्त्व विकारात चित्र उलटे असते. लग्नघरातली एकही जबाबदारी दुसऱ्यावर न सोडणारा, यादीतली ओळ चुकली म्हणून अख्खी यादी पुन्हा लिहिणारा, त्या पायी काम रखडले तरी न बदलणारा माणूस आपण बरोबरच आहोत असे मानतो. त्रास होतो तो भोवतालच्यांना, आणि उशिरा का होईना, त्यालाही.

माझ्या मते सर्वांत घातक गैरसमज म्हणजे ‘ती नाटक करते’. हातावर जखमा करून घेणाऱ्या मुलीविषयी हे वाक्य घरात ऐकू येते, कधी कधी दवाखान्यातही. असे करणारे बहुतेकजण लक्ष वेधण्यासाठी करत नाहीत. असह्य झालेली भावना क्षणभर तरी खाली यावी म्हणून करतात. बॉर्डरलाइन विकारात आत्महत्येचा धोका खरा असतो. ‘नेहमीचेच आहे’ म्हणून दुर्लक्ष करणे हा जिवाशी खेळ आहे.

दोष आईच्या माथी मारण्याची सवयही सोडायला हवी. जुळ्यांच्या अभ्यासांतून या विकारांमागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसले आहे. बालपणातल्या छळाने, हेळसांडीने धोका वाढतो हे खरे, पण अनेक रुग्णांच्या घरी तसे काहीच घडलेले नसते.

कोणाला विकार आहे हे ठरवण्याचा अधिकार मोठा, आणि त्याचा गैरवापर झालेला आहे. १९५२च्या पहिल्या डीएसएममध्ये समलैंगिकता व्यक्तिमत्त्वाच्या बिघाडांतच गणली होती. ते निदान रद्द करण्याचा निर्णय १९७३मध्ये झाला. आपल्याकडच्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या तिसऱ्या कलमाने याला स्पष्ट बांध घातला आहे. समाजातल्या नैतिक, सांस्कृतिक किंवा राजकीय मूल्यांशी वा धार्मिक श्रद्धांशी कोणाचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. घरच्यांनी ठरवलेले लग्न नाकारणारी मुलगी विकारग्रस्त नसते. एकत्र कुटुंबात थोरल्यांना विचारून नोकरी बदलणारा तरुणही ‘परावलंबी’ ठरत नाही.

आता ती म्हण: स्वभावाला औषध नाही. गोळीपुरते ते खरे आहे. कोणत्याही व्यक्तिमत्त्व विकारासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आजवर एकही औषध मंजूर केलेले नाही. सोबतच्या नैराश्यावर गोळ्या दिल्या जातात, आणि त्या घ्याव्यात. पण मूळ उपचार बोलण्याचा आणि शिकण्याचा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी आत्मघाताच्या उंबरठ्यावर असलेल्या स्त्रियांसाठी डीबीटी ही पद्धत घडवली. तिची पहिली नियंत्रित चाचणी १९९१मध्ये प्रसिद्ध झाली. दर आठवड्याला व्यक्तिगत सत्र आणि जोडीला गटात कौशल्यांचे शिक्षण: सजगता, संकटात तग धरणे, भावना सांभाळणे, नाते न तोडता आपले म्हणणे मांडणे. तरुणपणी आपणही अशाच अवस्थेत रुग्णालयात होतो, हे लिनेहान यांनी २०११मध्ये जाहीरपणे सांगितले.

अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी बॉर्डरलाइनच्या २९० रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के रुग्णांमध्ये निदानाचे निकष किमान सलग दोन वर्षे लागू पडत नव्हते. मात्र नोकरी आणि नाती यांसकट आयुष्य पूर्ण रुळावर आलेले रुग्ण निम्मेच होते. लक्षणे आधी जातात, काम आणि माणसे परत मिळवायला वेळ लागतो. कुटुंबाने हे आधीच ठाऊक करून घेतले तर मधल्या काळातली निराशा कमी होते.

या उपचारांचे प्रशिक्षण घेतलेले तज्ज्ञ आपल्याकडे थोडे आहेत. पण एवढे तरी करता येते: कोणतेही निदान सांगितले गेले की रुग्णाने ‘कशावरून?’ असे जरूर विचारावे, आणि डॉक्टरांनी त्याचे उत्तर समजेल अशा भाषेत द्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येत असतील, तर निदानापर्यंतही थांबू नये. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही, विनामूल्य उपलब्ध आहे.