प्रोसेसरचा ताप, मदरबोर्डचा थर्मामीटर

पडद्यावर ‘प्रोसेसर ३८ अंश’ असं दिसलं की आपण विश्वास ठेवतो. ठेवावा, पण बेतानं. इंटेलच्या कोअर मालिकेतल्या चिपमधला संवेदक मुळात तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत, एवढंच सांगतो. मर्यादा १०० आणि अंतर ६२, तर सॉफ्टवेअर वजाबाकी करून ३८ दाखवतं. हा संवेदक बसवला आहे तो चिप जळू नये म्हणून. त्यामुळे मर्यादेजवळ तो बऱ्यापैकी अचूक असतो आणि थंड, निवांत चिपवर त्याचा आकडा सर्वांत कमी भरवशाचा. एएमडीनं तर २०१७ साली रायझन १८००एक्सच्या आकड्यात मुद्दाम २० अंश वाढवले होते. पंख्यांचं वेळापत्रक सगळ्या मॉडेलांना सारखं लागावं म्हणून! घाबरलेल्या ग्राहकांचा विचार बहुधा नंतर झाला.

पंख्याची गोष्ट सरळ आहे. तो दर फेरीला साधारणपणे दोन विद्युत-स्पंद पाठवतो. जुन्या मदरबोर्डांवरच्या देखरेख-चिप एका फेरीत घड्याळाचे किती ठोके पडले ते मोजत, आणि तेही २५५ पर्यंतच. घड्याळाची गती एका ठरावीक सेटिंगवर असेल, तर फेरीला ५६ ठोके म्हणजे मिनिटाला सुमारे ३०१३ फेरे, ५७ म्हणजे २९६१. मधला आकडा दिसणारच नाही. पंखा संथ झाला की ठोके वाढतात, पायऱ्या बारीक होतात. म्हणून वेगवान पंख्याचा आकडा पन्नासनं उडाला, तर आधी पंख्याला दोष देऊ नका.