अंगावरून जाणे आणि अंगावर काढणे

‘अंगावरून जाणे’ हे एका दुखण्याचे नाव आहे, आणि ‘अंगावर काढणे’ ही ते दुखणे वागविण्याची आपल्याकडची रीत आहे. आपल्या वस्त्यांत या दोन्हींची गाठ इतकी घट्ट बसली आहे की, पांढरे जाते, पाणी जाते, लाल दिसते, या तीन वेगळ्या गोष्टींना बाई एकच उत्तर देते: ‘होतंय तसं, उष्णता वाढली असेल.’ बाई गरोदर असेल तर हे उत्तर तिच्या आणि पोटातल्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून गरोदरपणात अंगावरून काय गेले तर काळजी नको, काय गेले तर दाखवायचे आणि काय गेले तर त्याच घटकेला निघायचे, हे कार्यकर्त्यांना, शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना, मुलग्यांनासुद्धा, ठाऊक असले पाहिजे. हा ‘बायकांचा खाजगी विषय’ म्हणून बाजूला ठेवणे म्हणजे तो अज्ञानाच्या स्वाधीन करणे होय.

हे दुखणे किती पसरलेले आहे? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांमधील 650 स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी केली आणि 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किमान एक आजार होता. यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया केवळ 8 टक्के होत्या. त्या सर्व गरोदर नव्हत्या, हे खरे. परंतु जिचा आजार गरोदरपणाआधी कुणी पाहिला नाही, ती तो आजार घेऊनच गरोदर राहते, हेही तितकेच खरे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू बीडची आहे. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची स्थिती तपासली. पाहणी झालेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. अंगावरून जाते, पोटात दुखते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी तरुण स्त्रियांना औषधाऐवजी शस्त्रक्रियाच सांगितली गेली. म्हणजे आधी दुखण्याकडे कुणी पाहायचे नाही, आणि पाहिले तर पिशवीच काढून टाकायची. या दोन टोकांच्या मध्ये जे असायला हवे, ते म्हणजे वेळेवर साधी तपासणी आणि योग्य औषध. आपली मागणी त्याची आहे.

आता प्रत्यक्ष लक्षणांकडे वळू.

गरोदरपणात शरीरातील संप्रेरके वाढतात, योनीमार्गाकडे रक्तपुरवठा वाढतो आणि त्यामुळे स्राव वाढतो. तो पातळ, पारदर्शक किंवा दुधासारखा पांढरा असेल, घाण वास नसेल, खाज वा आग नसेल, तर तो आजार नव्हे. बाहेरच्या जंतूंना गर्भाशयापर्यंत पोचू न देण्याचे काम तो करतो. दिवस भरत येतात तसा तो आणखी वाढतो. ‘शक्ती झिजून चालली’ ही भीती निराधार आहे. अशक्तपणा असेल तर त्याचे कारण बहुधा रक्त कमी असण्यात शोधावे लागते.

रंग, वास किंवा जाडी बदलली की मात्र दाखवायला हवे. दह्याच्या कवडीसारखा घट्ट पांढरा स्राव आणि सोबत भयंकर खाज, लघवीच्या जागी आग, ही बुरशीची लक्षणे आहेत. गरोदरपणात हा त्रास जास्त आढळतो. योनीत ठेवण्याच्या गोळ्यांनी किंवा मलमाने तो बरा होतो. यावर पोटात घेण्याची गोळी गरोदरपणात सहसा टाळतात, म्हणून मेडिकलच्या दुकानातून परस्पर औषध आणू नये. करडा, पातळ आणि मासळीसारखा वास येणारा स्राव जंतूंचा समतोल बिघडल्याचे दाखवितो. त्याचा संबंध अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी आढळलेला आहे. पिवळा-हिरवा, फेसाळ, दुर्गंधी येणारा स्राव हा बहुधा लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग असतो. त्यात नवऱ्यानेही उपचार घेतले नाहीत तर बाईचा आजार फिरून येतो. औषध बाईने घ्यायचे, बोल बाईने खायचा आणि नवऱ्याने दवाखान्याची पायरी चढायची नाही, हा न्याय येथेही चालतोच. काही संसर्ग तर कोणतेच लक्षण दाखवीत नाहीत. गरमी म्हणजे सिफिलिस हा त्यांपैकीच एक. त्याने बाळ पोटात दगावू शकते, पण रक्ततपासणीत तो कळतो आणि पेनिसिलिनने बरा होतो. म्हणून काही त्रास नसला तरी गरोदरपणातील रक्ताच्या तपासण्या टाळू नयेत.

तिसरी गोष्ट पाण्याची. एकदम धार लागली किंवा थेंब थेंब पाणी सतत ओघळत राहिले, तर पाणमोट फुटली असण्याची शक्यता असते. लघवी झाली असेल असे समजून बायका लुगडे बदलून पुन्हा कामाला लागतात. कोरडे स्वच्छ कापड ठेवून पाहावे. ते पुन्हा ओले झाले आणि लघवीचा वास नसेल, तर कळा नसल्या तरी लगेच निघावे. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने पोटात शी केलेली असू शकते, मग क्षणाचाही उशीर नको. 37 आठवडे पूर्ण होण्याआधी पाणी जाऊ लागले तर बाळ कच्चे असते आणि संसर्गाचा धोका दोघांनाही असतो. अशा वेळी घरी कुणालाही आत बोट घालून तपासू देऊ नये.

चौथी गोष्ट रक्ताची. गरोदरपणात दिसलेले रक्त कितीही थोडे असले तरी डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. शेवटच्या महिन्यांत न दुखता लाल रक्त गेले तर वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असू शकते. पोट दगडासारखे कडक होऊन दुखत असेल तर वार सुटत असण्याचा धोका असतो. दिवस भरल्यावर रक्ताची छटा असलेला चिकट शेंबडासारखा स्राव पडणे ही बाळंतपण जवळ आल्याची खूण आहे. परंतु हीच खूण 37 आठवड्यांपूर्वी दिसली आणि सोबत कंबर धरत असेल, ओटीपोटात दाब येत असेल, पोट थांबून थांबून आवळत असेल, तर ती धोक्याची सूचना समजावी.

थोडक्यात, खाज, वास वा रंग बदलला तर एकदोन दिवसांत दाखवावे. पाणी किंवा रक्त गेले, पोटात सतत दुखले, स्रावासोबत ताप आला, बाळाची हालचाल मंदावली, तर दिवस-रात्र न पाहता निघावे.

काय करू नये, हेही सांगितले पाहिजे. योनीच्या आत साबण, डेटॉल, लिंबाच्या पाल्याचे पाणी किंवा कसलीही पुडी घालू नये. शौचानंतर पुढून मागे धुवावे. सुती कापड उन्हात वाळवावे. पण हा उपदेश करताना आपल्याला थोडे थांबावे लागते. जेऊरच्या परिसरात उजनीच्या पाण्यावर ऊस आणि केळी उभी आहेत. त्या फडात दिवसभर राबणाऱ्या बाईला आडोसा कुठे आहे? ओले कापड उन्हात टाकायला लाज वाटू नये अशी जागा कुठे आहे? महाडला 1927 मध्ये पाण्यासाठी लढा द्यावा लागलेल्या समाजाला स्वच्छतेचे धडे देणाऱ्यांनी पाण्याचा आणि मोरीचा हिशेब आधी द्यावा.

आणखी एक गोष्ट. गावगाड्यात बाळंतपणाचे काम अनेक ठिकाणी मांग समाजातील स्त्रियांकडे असे. नाळ कापायला त्यांचा हात चालत असे, बाळंतपण उरकले की तोच हात विटाळाचा ठरे. स्त्रीच्या देहातून जे बाहेर पडते ते अपवित्र, आणि ते साफ करणारी जातही अपवित्र, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. आज मी शिकवते त्या वर्गातल्या मुलीही ‘पांढरे जाते’ म्हणताना आवाज खाली आणतात, यात त्या व्यवस्थेचा अंश उरलेला आहे. ज्या गोष्टीची शरम वाटते ती डॉक्टरांपुढे नीट सांगता येत नाही, आणि नीट न सांगितलेल्या दुखण्याला औषधही नीट मिळत नाही. म्हणून विटाळाची कल्पना मोडणे हा येथे निव्वळ वैचारिक प्रश्न राहत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता. बाळंतपणापूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. मातेचे आरोग्य ही दयेची बाब नसून हक्काची आहे, हे सूत्र आपण तेथून घेतले पाहिजे.

हा हक्क आज कागदावर आहे. 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रीला तपासणी, औषधे, बाळंतपण, शस्त्रक्रिया आणि ने-आण मोफत आहे. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी असते. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. गावात आशा कार्यकर्ती आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, करमाळ्याचे सरकारी रुग्णालय आणि गंभीर प्रसंगी सोलापूरचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ही जेऊरकरांची वाट आहे. पैसे मागितले गेले, जात विचारून तुच्छतेने वागविले गेले, न तपासता परत पाठविले गेले, तर लेखी तक्रार करणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

मोर्चे काढणाऱ्या आणि अभ्यासवर्ग घेणाऱ्या आपल्या संघटनांनी पुढच्या बैठकीत एक तास या विषयाला द्यावा. आशाताईंना बोलवावे, बायांना बसवावे आणि पुरुषांनाही उठून जाऊ देऊ नये. पाणी जाते आहे की पांढरे, हे रात्री दोन वाजता ओळखून 108 ला फोन करणारा माणूस बहुतेक वेळा घरातलाच असतो. त्याला ही ओळख आधीच झालेली असली पाहिजे.