सपाट काचेवरची खोली

संगीत नाटकांच्या वैभवाच्या काळात रंगमंचाच्या मागे राजमार्गाचा पडदा सोडीत. त्यावरचा रस्ता पार क्षितिजापर्यंत गेलेला दिसे. कापड सपाटच, खोली होती ती चित्रकाराच्या रेषांत. पण त्या चित्रकाराला एक मोठी सवलत होती. प्रेक्षक आपल्या खुर्चीवरून उठत नसे. तो उठून त्या रस्त्याने चालू लागला असता, तर पडदा पावलागणिक नव्याने रंगवावा लागला असता. दूरचित्रवाणीच्या संचाला जोडून घरी खेळावयाच्या यंत्रांनी १९९० नंतरच्या दशकात नेमकी हीच जबाबदारी पत्करली. ती त्यांनी कशी निभावली आणि निभावताना कोठे कोठे हात आखडता घेतला, हे आज श्रोत्यांपुढे मांडावयाचे आहे.

खोलीचा आभास म्हणजे मुळात भागाकार होय. आगगाडीचे रूळ दूर जाता जाता एकमेकांजवळ येतात. दुप्पट अंतरावरचा खांब निम्मा दिसतो. यंत्राच्या पोटातील जग त्रिकोणांचे बनविलेले असते. त्या प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोपरे खेळाडूच्या दृष्टीनुसार फिरवावयाचे, प्रत्येकाच्या स्थानाला त्याच्या अंतराने भागावयाचे, आणि मग आतील जागा रंगाने भरावयाची. बेरीज हा संगणकाच्या हातचा मळ आहे. भागाकार मात्र त्याला फार महाग पडतो. पुढची सारी हकीकत या एका महागाईची आहे, असे म्हटले तरी चालेल.

निन्टेन्डो कंपनीचे ‘सुपर फॅमिकॉम’ हे यंत्र १९९० साली जपानात आले. त्याच्या मुख्य गणकाचे ठोके सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे ३५ लाख. त्रिकोणांचे जग उभारणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. त्याला साधत होती ती एक हातचलाखी : एकच सपाट चित्र फिरविणे आणि लहानमोठे करणे. ‘एफ-झीरो’ या शर्यतीच्या खेळात हेच चित्र जमिनीसारखे आडवे पसरलेले दिसे आणि गाडी त्यावरून भरधाव जाई. नाटकाचा पडदाच जणू जमिनीवर अंथरला होता. त्याला टेकडी नव्हती, खड्डा नव्हता.

यंत्रे लोकांच्या घरी जाऊन पोहोचलेली. ती उघडून आत नवा गणक बसविणे अशक्य. ‘आर्गोनॉट’ या ब्रिटिश कंपनीतील तरुण मंडळींनी यावर काढलेला तोडगा मला विलक्षण वाटतो. आपल्याकडची मुले जिला ‘कॅसेट’ म्हणत, त्या खेळाच्या डबीतच त्यांनी एक स्वतंत्र गणक बसविला. त्याचे नाव ‘सुपर एफएक्स’. त्याचे ठोके सेकंदाला एक कोटीच्या वर. पाहुण्याने शिधा बरोबर घेऊन यावे, तसा खेळ आपली गणनशक्ती घेऊन आला. १९९३ सालच्या ‘स्टार फॉक्स’मधील विमाने घडीच्या कागदाची वाटत आणि चित्रे धक्के खात पुढे सरकत, तरी त्या विमानाला दुसरी बाजू होती, आणि ते वळले की ती दिसे.

सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन’ ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानात विक्रीस आले. केन कुतारागी यांच्या या यंत्रात कोपऱ्यांचा हिशेब करणारा खास विभाग होता. त्रिकोणांवर विटांचे, लाकडाचे, फरशीचे चित्रही डकविता येऊ लागले. पण भागाकार झाला तो फक्त कोपऱ्यांचा. आतील ठिपके भरताना यंत्र चित्र सरळ वाटणीने पसरवून मोकळे होई. त्याने काय बिघडते? समजा, फरशीची जवळची कड १ हातावर आहे आणि दूरची ९ हातांवर. पडद्यावर या दोन कडांच्या बरोबर मध्ये जो ठिपका येतो, तो खरे पाहता १.८ हातांवरचा असतो. सरळ वाटणी करणारे यंत्र तेथे ५ हातांवरची फरशी आणून ठेवते! म्हणून त्या काळच्या खेळांत पायाखालची जमीन वाकते, आणि भिंतीजवळ जावे तो विटांच्या ओळी तिरप्या होतात. शिवाय कोपरे पूर्ण ठिपक्यांवरच बसविले जात, अधल्यामधल्या जागी नव्हे. त्यामुळे खेळाडू सावकाश चालला की घरेदारे थरथरत.

कोणती वस्तू पुढे, कोणती मागे, हे ठिपक्यागणिक लक्षात ठेवण्याची सोयही या यंत्रात नव्हती. आधी डोंगर, मग झाड, मग माणूस, या चित्रकाराच्या क्रमानेच ते काम करी. क्रम चुकला की मागची भिंत क्षणभर पुढे डोकावे.

या उणिवांवर कारागिरांनी केलेली मात यंत्राइतकीच मोलाची आहे. १९९६ सालच्या ‘क्रॅश बँडिकूट’मध्ये दृष्टीचा मार्ग आखून दिलेला असे, त्यामुळे कोठून काय दिसेल, याचा हिशेब खेळ तयार करतानाच करून ठेवता आला. ‘रेझिडेंट ईव्हिल’मध्ये पात्रे त्रिकोणांची, परंतु मागचे वाडे आधीच तयार केलेल्या चित्रांचे, म्हणजे पुन्हा नाटकाचा पडदाच. १९९९ सालच्या ‘सायलेंट हिल’ने तर दूरचे गाव काढणे झेपत नाही म्हणून ते धुक्यात बुडविले, आणि त्या धुक्यानेच खेळाडूंच्या काळजाचा थरकाप उडविला.

निन्टेन्डोने २३ जून १९९६ रोजी जपानात आणलेल्या ‘निन्टेन्डो ६४’ने भागाकाराची कसर भरून काढली. ठिपक्यागणिक अंतर सांभाळण्याची सोय त्यात होती. फरशी वाकत नसे. त्याच दिवशी आलेल्या ‘सुपर मारिओ ६४’मध्ये खेळाडू मोकळ्या मैदानात कोणत्याही दिशेने धावू शके. तंगी मात्र दुसरीकडे निघाली. त्रिकोणावर डकवावयाच्या चित्रासाठी हाताशी जागा अवघी ४ किलोबाइट. पुष्कळ रंगांचे चित्र घ्यावे तर ते जेमतेम ६४ बाय ३२ ठिपक्यांचे. तेवढे चित्र भिंतभर ताणले की ओल्या कागदावरच्या शाईसारखे पसरे.

आजच्या यंत्रांत तो भागाकार प्रत्येक ठिपक्यासाठी आपोआप होतो. तरीही काही नव्या खेळांचे कर्ते ती वाकलेली जमीन आणि ती थरथर मुद्दाम परत आणतात. त्यासाठी त्यांना यंत्राला जादा आज्ञा लिहून द्याव्या लागतात : कोपरे पूर्ण ठिपक्यांवर बसव, आणि आतला भागाकार करू नकोस.