मोबाइलवरील संवादाचे मानसशास्त्र : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सप्टेंबर २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि अकोला जिल्ह्यातील पातूरसारख्या तालुक्याच्या गावांतही शेतमालाच्या भावापासून सोयरिकीच्या बोलण्यांपर्यंत बराचसा व्यवहार व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर होऊ लागला. या बदलाने माणसाचा स्वभावच पालटला, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात स्वभाव जुनाच असून, ज्या खुणांच्या आधारे मन बोलण्याला आवर घालते आणि ऐकलेले पारखून घेते, त्या खुणा मात्र पडद्यावर पुसट होतात. पुढील चार गैरसमजांच्या मुळाशी हाच भेद लक्षात न घेणे आहे.

गैरसमज १ : स्पष्ट लिहिले की समोरच्याला नेमके तेच कळते.

वस्तुस्थिती : पातूरच्या बाजारात हसत उच्चारलेले ‘काहून बे, आला नाही काल?’ हे वाक्य जवळिकीचे असते. तेच वाक्य पुण्यातील आतेभावाच्या मोबाइलवर उमटले, तर जाब विचारल्यासारखे वाटू शकते. जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ई-मेलमधील उपरोध सुमारे ७८ टक्के वेळा ओळखला जाईल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. वाचणाऱ्यांना तो सुमारे ५६ टक्केच वेळा ओळखता आला, तर आवाज ऐकणाऱ्यांना सुमारे ७३ टक्के वेळा. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा सूर घुमत असतो आणि तो अक्षरांतही उतरला आहे, असे त्याला वाटत राहते.

गैरसमज २ : उर्मट बोलतात ती खोट्या नावाची खाती.

वस्तुस्थिती : भावकीच्या ग्रुपवर प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, तरीही तेथे शब्दाने शब्द वाढतो. पडद्याआडून बोलताना संकोच सैल होण्याला मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये ‘ऑनलाइन निर्बंधशैथिल्य’ अशा अर्थाची संज्ञा दिली आणि त्याची सहा कारणे मांडली. निनावीपण हे त्यांपैकी केवळ एक आहे. समोरचा न दिसणे आणि उत्तर लगेच न येणे हीदेखील त्यातलीच कारणे होत. इस्रायलमधील २०१२ च्या एका प्रयोगात तर निनावीपणापेक्षा नजरेला नजर नसणे हेच कठोर भाषेचे अधिक प्रभावी कारण ठरले.

गैरसमज ३ : चार ग्रुपवर आले, म्हणजे त्यात तथ्य असणारच.

वस्तुस्थिती : पुनःपुन्हा कानावर पडलेले विधान मनाला परिचयामुळेच खरे भासू लागते, हे हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो यांनी १९७७ मध्येच दाखवून दिले होते, या परिणामाला ‘सत्याभास’ म्हणता येईल. मोबाइलने या जुन्या दुबळेपणाला वेग दिला आणि त्याची किंमत महाराष्ट्राने मोजली. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा देशभर फिरत होत्या. त्यांतील एक चित्रफीत मूळची कराचीत जनजागृतीसाठी तयार केलेली असून, तिच्यातील शेवटचा खुलासा कापून टाकलेला होता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना अशाच अफवेपायी जमावाने ठार मारले. संदेश चार ठिकाणांहून आला तरी त्याचा उगम बहुधा एकच असतो. पुढे पाठवणाऱ्यांची संख्या ही साक्षीदारांची संख्या नव्हे.

गैरसमज ४ : ग्रुपवरील प्रत्येक मजकुराला ॲडमिनच जबाबदार असतो.

वस्तुस्थिती : गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, ज्याच्या अधिकारक्षेत्रात अकोला जिल्हाही येतो, मार्च २०२१ मध्ये असा निर्वाळा दिला की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला दोषी धरता येत नाही. या गैरसमजाला मानसशास्त्रीय बाजूही आहे : डार्ली आणि लाटाने यांनी १९६८ मध्ये दाखवल्याप्रमाणे बघे जितके अधिक, तितकी प्रत्येकाला स्वतःची जबाबदारी कमी वाटते, आणि ‘ॲडमिन पाहून घेईल’ या समजुतीने शेकडो सदस्य एकाच वेळी हात झटकून मोकळे होतात.

परिस्थिती बदलली की वर्तनही बदलते, याचा पुरावा त्याच व्हॉट्सॲपवर मिळाला. जुलै २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एका ठिकाणापुरती केली गेली आणि असे संदेश सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने जाहीर केले. लोक त्या काही आठवड्यांत अधिक शहाणे झाले नव्हते, फक्त पाठवण्यापूर्वी थोडा अडथळा उभा राहिला होता. म्हणून ‘लोकच बिघडले’ असे म्हणून थांबण्यापेक्षा हा अडथळा ॲपच्या रचनेत कोठे असावा आणि तो कोणी ठरवावा, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.