सणासुदीची अदलाबदल

गणेश चतुर्थीच्या आदल्या दोन रात्री आमच्या गावच्या फाट्यावर, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला, एक मांडव उभा राहतो. चहाची दोन मोठी पातेली, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, चाकात हवा भरायचा पंप आणि दहा-बारा प्लास्टिकच्या खुर्च्या. मुंबईचा चाकरमानी रात्री जेवून निघतो आणि पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान आमच्या भागात पोहोचतो. गाडी चालवणाऱ्याचा डोळा लागण्याची हीच वेळ. मांडवात चहा देणारी मुले मात्र बहुतेक आमच्या मोहल्ल्यातली असतात. क्लबचे बाकीचे सभासद त्या वेळी आपापल्या घरी मखर बांधत असतात.

क्लब म्हणजे एका आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेची तालुक्यातली शाखा. तिचे पूर्ण नाव गावात कुणी घेत नाही. औषधाच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, दोन डॉक्टर, एक वकील, रिक्षावाल्यांचे एक चाचा, काही शिक्षक, काही दुकानदार असे चाळीसेक लोक. पाच वर्षांपूर्वी मीही त्यांच्यात गेले.

मांडवाच्या पहिल्या वर्षी फजिती झाली होती. उत्साहाच्या भरात मुले खिडकीतून कप देऊ लागली, गाड्या रस्त्यातच थांबल्या आणि अर्ध्या तासात मागे एवढी रांग लागली की हवालदारांनी मांडव बंद करायला लावला. पुढच्या वर्षापासून नियम झाला : खिडकीतून चहा मिळणार नाही. गाडी बाजूला घ्यायची, चालकाने खाली उतरायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि खुर्चीवर बसून चहा घ्यायचा. भाऊ मुलांना सांगतात, “अरे, चहा त्याला घरीही मिळेल. आपल्याला त्याला दहा मिनिटं खाली उतरवायचंय.”

या कामाची दुसरी बाजू रमजानमध्ये दिसते. रोज्यात दिवसा रक्त देता येत नाही, उपाशीपोटी कुणाचे घेतही नाहीत. म्हणून शिबिर तरावीहनंतर, रात्री साडेनऊ-दहाला, उर्दू शाळेच्या वर्गात भरते. नोंदणीच्या टेबलावर भाऊ आणि त्यांच्या सौभाग्यवती बसतात, वकीलसाहेब सरबत वाटतात. रक्तपेढीच्या लोकांना मध्यरात्रीपर्यंत थांबायला राजी करणे हे सर्वांत अवघड काम होते, तेही भाऊंनीच केले. तुमच्या सणात आम्ही, आमच्या सणात तुम्ही. ठराव करून काही ठरले नाही. कुणीतरी मोकळे असले पाहिजे, एवढ्या सोयीतून ही रीत पडली.

अशा क्लबांची सुरुवात अमेरिकेतली. रोटरीची पहिली बैठक २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत झाली. बैठका पाळीपाळीने एकेका सभासदाच्या कचेरीत होत, त्या फिरण्यावरून नाव पडले. त्यांचे पहिले मोठे सार्वजनिक काम कोणते? शहराच्या मध्यभागी सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे म्हणून १९०७ मध्ये सुरू केलेली खटपट. मला हे फार आवडते. लायन्स १९१७ मधली. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी तिच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केले, तेव्हापासून डोळ्यांची शिबिरे तिच्याशी जोडली गेली. मात्र दोन्हीकडे बायकांना सभासदत्वासाठी १९८० चे दशक संपत येईपर्यंत थांबावे लागले, हेही सांगून ठेवते. आपल्याकडे या मंडळींची ओळख झाली ती पोलिओमुळे. रविवारच्या सुट्टीत बूथवर आम्ही शिक्षक, आशाताई आणि क्लबचे लोक असायचो. आमच्या मोहल्ल्यांत त्या दोन थेंबांविषयी किती अफवा होत्या, त्या घालवायला मशिदींतून किती वेळा सांगावे लागले, ते माझ्या पिढीने पाहिले आहे. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

मी क्लबमध्ये गेले ती मात्र एका विद्यार्थ्यामुळे.

सहावीच्या वर्गात एक मुलगा दर तीन आठवड्यांनी दोन दिवस गैरहजर राहायचा. मी हजेरीपटावर लाल शाईने खुणा केल्या, वर्गात उभे करून बोलले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी शाळेत आली. “टीचर, त्याला रक्त चढवायला जिल्ह्याला न्यावं लागतं. मुलं चिडवतील म्हणून तो सांगत नाही.” मुलाला थॅलेसेमिया होता. या आजारात शरीर पुरेसे चांगले रक्त बनवू शकत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरचे रक्त घ्यावे लागते, तेही आयुष्यभर, आणि त्यातून साठणारे लोह काढायला वेगळी औषधे. सरकारी रक्तपेढीत अशा मुलांना रक्त मोफत मिळते, पण मिळायला ते पेढीत असावे लागते. त्या वर्षी मे महिन्यात माय-लेक पहाटेची एसटी धरून दोनदा गेले आणि दोनदा रिकाम्या हाताने परतले. “पिशवी नाही, चार दिवसांनी या.” तिसऱ्यांदा रक्त मिळाले तेव्हा मुलाला जिना चढवत नव्हता.

मी ही हकीकत भाऊंच्या दुकानात सांगितली. औषधाच्या पट्ट्या मोजता मोजता ते थांबले आणि म्हणाले, “मॅडम, जानेवारीत आम्ही एवढं मोठं शिबिर घेतलं होतं.” खरे होते. फ्लेक्स लागले होते, वर्तमानपत्रात फोटो आला होता. पण साठवलेल्या रक्ताचे आयुष्य पस्तीस ते बेचाळीस दिवसांचे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, पुढाऱ्यांचे वाढदिवस, ईद-ए-मिलाद या दिवशी पेढ्यांत रक्ताची रेलचेल होते आणि ते मेपर्यंत पुरत नाही. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, कारखान्यांतले लोक रजेवर जातात. गेली काही वर्षे रमजानही मार्च-एप्रिलच्या आसपास येत होता. पुरुषाला दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे आणि स्त्रीला चार महिन्यांचे अंतर ठेवावे लागते. म्हणजे जानेवारीत एकाच दिवशी सगळ्या गावाने रक्त दिले की एप्रिल उजाडेपर्यंत गाव मोकळे होत नाही.

त्यावर क्लबने जे केले त्याचा फोटो कुठे छापून आला नाही. मोठे शिबिर बंद केले. त्याऐवजी वर्षाचा तक्ता केला आणि वीस-पंचवीस पिशव्यांची छोटी शिबिरे वर्षभर पसरली. सभासदांमध्ये यावरून वाद झाला. एक जण तर म्हणाले, “पंचवीस पिशव्यांना पाहुणे कोण येणार?” पाहुण्यांना बोलवायचे नाही, असे ठरले.

मेचा प्रश्न चाचांनी सोडवला. सगळे म्हणत होते, सुट्टीत दाते मिळत नाहीत. चाचा म्हणाले, “अहो, सुट्टीत मुंबई रिकामी होते, आपला गाव भरतो.” त्यांचे बरोबर होते. मे महिन्यात कोकणातल्या वाड्या आणि मोहल्ले मुंबईकरांनी भरलेले असतात. आमच्याकडे तर आखातातून आलेलेही असतात, आणि लग्नेही तेव्हाच. म्हणून आता मेमध्ये शिबिर तालुक्याला न घेता गावोगावी घेतात, सकाळी आठ ते अकरा, उन्हे चढण्याआधी. लग्नघरातली पोरे रांगेत उभी राहतात. एका वाडीत तर नवरदेवच आला होता, त्याला त्याच्या आईने परत नेले.

आता माझी गोष्ट. पहिल्याच रमजान शिबिरात मी मोहल्ल्यातल्या बायकांना घरोघरी जाऊन बोलावले होते. पडद्याची वेगळी खोली, रक्तपेढीच्या बाई, सगळी व्यवस्था. बायका आल्या, मला वाटले होते त्याहून जास्त आल्या. सर्वांत आधी मी हात पुढे केला. बोटातून थेंब घेतला आणि बाई म्हणाल्या, “मॅडम, तुमचं दहा पॉइंट दोन आहे. साडेबारा लागतं.” माझ्यामागून निम्म्याहून अधिक बायका तशाच परत गेल्या. एक खाला जाताना म्हणाली, “सवाब तो दूर, खून भी नहीं निकला.” सगळ्या हसल्या. मला हसू आले नाही.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. हा आकडा मी वर्गात शिकवला होता. तो आपल्या बोटातून निघेल असे वाटले नव्हते.

त्यातून दुसरे काम निघाले आणि माझ्या मते तेच क्लबचे सर्वांत चांगले काम आहे. दर चार महिन्यांनी शाळेत बायकांचे हिमोग्लोबिन तपासतात, आकडा एका वहीत लिहितात, आशाताई लोहाच्या गोळ्या देतात. डॉक्टरबाई समोर बसून साध्या गोष्टी सांगतात. जेवणाला लागून चहा घेऊ नका, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळा, आवळा खा. मग त्यांनी एकदा विचारले, “बकरी ईदला कलेजी आधी कुणाच्या ताटात जाते?” खोलीत शांतता पसरली. उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. माझा आकडा साडेबाराच्या वर जायला दीड वर्ष लागले.

बकरी ईदवरून आठवले. २०२१ मध्ये ती २१ जुलैला होती आणि २२ तारखेला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. ईदच्या दुसऱ्या दिवसाची सुट्टी, घरात पाहुणे, आणि फोनवर एकेक बातमी. पाणी उतरल्यावर क्लबबरोबर आमच्या मोहल्ल्यातली मुले गेली. मदतीचे ट्रक आधीच पोहोचले होते, पण त्यांत जुन्या कपड्यांचे ढीग होते आणि लोकांना हवे होते फावडे, घमेले, खराटा, फिनेल आणि प्यायचे पाणी. तेव्हापासून क्लबच्या गोदामात वीस फावडी कायम असतात. एवढेच सांगते, त्या चिखलाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे.

तो मुलगा आता दहावीत आहे. त्याच्या रक्ताच्या तारखा भाऊंच्या दुकानातल्या कॅलेंडरवर लिहिलेल्या असतात. ईद त्या तारखेला आली तर वकीलसाहेब आपल्या गाडीतून त्याला नेतात, दिवाळी आली तर चाचा.

गेल्या महिन्यात त्याची अम्मी पुन्हा माझ्याकडे आली, या वेळी मुलीसाठी. मुलीचे लग्न नात्यातच ठरते आहे. हा आजार नात्यातल्या लग्नांनीच होतो असे नाही. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा अनेक समाजांत त्याचे वाहक आहेत आणि वाहक स्वतः ठणठणीत असतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. एकाच घराण्यात लग्न झाले की दोघेही वाहक असण्याचा धोका वाढतो. त्यासाठी ‘एचबीए-टू’ नावाची रक्ततपासणी आहे, आयुष्यात एकदाच करायची. मुलीने ती केली. ती वाहक निघाली. मुलाकडचे तपासणीला तयार नाहीत. “आमच्या खानदानात असलं काही नाही,” असा निरोप आला आहे. मुलीच्या अब्बांना भीती वाटते की जास्त बोललो तर रिश्ता मोडेल. अम्मी म्हणते, “टीचर, मी अठरा वर्षांच्या पोरीला सांगू काय? तिनं भावाला पाहिलंय.”

मुलाकडच्यांना भेटायला येत्या ईदच्या दुसऱ्या दिवशी जायचे ठरले आहे. मी येणार, चाचा येणार, कारण मुलाचे वडील त्यांचे जुने दोस्त आहेत. डॉक्टरबाईंना विचारले तेव्हा त्यांनी डायरी पाहिली आणि ती दुपार मोकळी ठेवली. शीरखुर्मा कुणाच्या घरचा, एवढेच त्यांनी विचारले.