बंदुकीवर दुर्बीण : एक खुलासा

दूर पल्ल्याच्या बंदुकीवर दुर्बीण प्रथम बसवितांना कारागिरांपुढें खरा प्रश्न कांचेचा नव्हता, जोडणीचा होता, असें आम्हांस वाटतें. न्यूयॉर्क प्रांतांतील मॉर्गन जेम्स १८४० नंतरच्या दशकांत दुर्बिणीची लांबलचक नळी बंदुकीच्या माथ्यावर बसवी. मुंबईच्या लष्करांत नोकरी केलेल्या डेव्हिडसन या अधिकाऱ्यानें निराळी वाट धरली. १८६२ सालीं इंग्लंडांत त्यानें आपल्या युक्तीचा हक्क नोंदविला. व्हिटवर्थच्या षट्कोनी छिद्राच्या बंदुकीस ही आंखूड दुर्बीण डाव्या कुशीस लावीत. उजवीकडे घोडा असे, आणि वरची नेहमींची माशीही मोकळी राही. मात्र नेम धरणाऱ्यास मान डावीकडे झुकवावी लागे.

गोळी जातां जातां खालीं येते. म्हणून अंतर वाढेल तसा दुर्बिणीचा नळीशीं कोन बदलून स्क्रूनें आंवळावा लागे. तो ढिला राहिला कीं निर्मळ कांचही व्यर्थ!

अमेरिकेच्या यादवींत दक्षिणेकडील नेमबाजांजवळ अशा मोजक्याच बंदुका होत्या. ९ मे १८६४ रोजीं स्पॉट्सिल्व्हेनिया येथें उत्तरेचा सेनापति सेज्विक पडला तो दुर्बिणीच्या नेमानेंच, असें सर्रास लिहितात. गोळी दुरून आली, हें खरें. पण त्या बंदुकीवर दुर्बीण होती, यास पुरेसा पुरावा आम्हांस दिसत नाहीं.