समुद्र नाही, पण पाणी भरपूर: शिरूर-दौंडची दोन दिवसांची सहल

सुट्टी म्हटली की सगळे कोकणाकडे धावतात. मंडळी, यंदा जरा घोडनदीकडे वळा!

पहिला दिवस शिरूरचा. रांजणगावच्या महागणपतीचं दर्शन घेऊन थेट टाकळी हाजी गाठा. कुकडीच्या पात्रात काळ्या बेसॉल्टला रांजणाएवढे खळगे पडलेत. पलीकडे निघोज, म्हणजे अहिल्यानगर जिल्हा. भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे गरागरा फिरत राहिले आणि हजारो वर्षांत त्यांनी कातळ कोरून काढला. पाणी कमी असताना, हिवाळा-उन्हाळ्यात गेलात तरच हे नीट दिसतं. पावसाळ्यात मुलांना घेऊन काठावर जाऊच नका, कातळ फार निसरडा असतो.

संध्याकाळी न्हावरे-चौफुला मार्गे दौंड. 

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठा. सोलापूरच्या गाडीने भिगवण, तिथून कुंभारगाव. तालुका इंदापूर, पण दौंडहून जवळच. उजनी धरणाच्या फुगवट्यावर साधारण डिसेंबर ते मार्च रोहित पक्षी असतात. होडी सकाळीच घ्या, ऊन चढलं की मजा जाते.

परतताना भीमेकाठच्या सिद्धटेकच्या गणपतीचं दर्शनही जमवा. आणि पक्षी पाहायला दुर्बीण मात्र विसरू नका.